दात आंबले तेवढे

वेकफिल्ड, जानेवारी. चार वाजताच अंधार.
इस्पितळाच्या लाँड्रीत माझं काम चादरी मोजायचं.
उकळून, इस्त्री होऊन येतात, तरी कुणाच्या तरी असतात.
एका शुक्रवारी घरी फोडणी जळाली,
धूर डोळ्यांना झोंबला तेव्हा कळलं,
नाकाला पत्ताच नव्हता.

धुळ्याहून वहिनीचा फोन : वन्सं, हिंग हुंगून बघा.
हुंगला. डबीत खडूची पूड.
मग लसूण, मग डेटॉल,
मग दिवसभर पायात असलेला मोजा.
सगळं पाण्यासारखं.
नाही, पाण्यालाही माठाचा वास असतो.

दहा दिवस दार बंद.
शेजारचा स्टॅन्ली हेग, वय सत्त्याहत्तर,
मंगळवारी माझा कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेताना दिसला.
मुठीला धरून, उघड्या हाताने.
त्याच मुठीला आदल्या रात्री माझा हात होता.
मी वरच्या खिडकीत उभी होते
आणि काच वाजवली नाही.
एवढंच. पण हे कुठेतरी लिहायला हवं होतं.

जाताना उंबऱ्याशी रूबार्बची जुडी ठेवून गेला.
गुलाबी, लांबसडक, अंधारात वाढवलेली.
परसात तो जुनी बादली पालथी घालायचा,
खाली उजेड शोधत देठ उंच होत जातात.
कान लाव, म्हणायचा, वाढताना वाजतात.
मी कधी कान लावला नाही.
चुक्याची करतात तशी आमटी केली, दाणे घालून, गूळ घालून.
चव नाही, वास नाही,
दात आंबले तेवढे.
बरं वाटलं. काहीतरी आत पोचत होतं.

पुढच्या आठवड्यात भिंतीपलीकडे खोकला.
त्याच्या पुढच्या आठवड्यात अँब्युलन्स, भोंगा न वाजवता.
डोरीन कुंपणापाशी आली, म्हणाली, गेला बघ.
मध्ये दोन मीटर, सरकारी मापाचे.
तिने विचारलं नाही, तुला कधी झाला होता.
मी सांगितलं नाही.

फेब्रुवारीत लशीचं बोलावणं, तिलाही, मलाही.
माझ्या गाडीत ती मागे, मी पुढे,
चारी खिडक्या उघड्या, कानांची लाकडं झालेली.
जुना बिंगो हॉल. अजून भिंतीवर आकडे.
सुई घेतलेला पोरगा, नाव कॅलम, माझा दंड पाहून थबकला :
हा डाग कसला?
देवी, म्हटलं.
आता त्याला काय सांगणार, की आमच्याकडे
रोगाचं नाव आणि आईचं नाव एकच होतं,
आणि ती आली की तिला जा म्हणायचं नसे,
नैवेद्य दाखवायचा असे.
दोन खुर्च्या सोडून डोरीनने मांडीवर थाप मारली :
माझी इथे! आईने डॉक्टरला दटावलं होतं,
दंडावर नको, नाचाच्या झग्यात दिसेल.
हॉलभर हसू. मास्क फुगले, बसले.
मग ती जरा वेळाने, जमिनीकडे बघत :
स्टॅनची दंडावर होती. शिलिंगाएवढी.

पंधरा मिनिटं बसायचं होतं. घड्याळ मोठं होतं.
डबा, म्हणायला मी तोंड उघडलं,
काय गं, म्हणाली,
आणि मी म्हटलं, गार वाटतंय का तुला.
कार्डावर दोघींचा बॅच नंबर एकच निघाला.
रात्री दोघींनाही ताप आला.
भिंतीवर टकटक करून विचारलं, तिनेही टकटक केली.

मे महिन्यात वास परत आला, पण फसवा.
कांदा जळक्या टायरसारखा, साबण कुजल्यासारखा,
हिंग मात्र अजून खडूच.
वहिनी म्हणते, येईल. हो, येईल.

मंगळवारी माझा डबा नेते, मग तिचा.
मुठीला धरून, हातमोजा न घालता.
ती वरच्या खिडकीत असते की नसते,
मान वर करून मी अजून पाहिलेलं नाही.